डावी पट्टी

माझे सासरे नरहर धकाते यांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त सदर बाजारातल्या सरबताच्या गाडीवर. तरी त्यांनी बर्फावरून चालायच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की, रायपुरातल्या आमच्या तेलीबांध्याच्या घराच्या बाल्कनीत बसून बनवल्या. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. मी तर हसण्यावर थांबले नव्हते, चांगली भांडले होते.

मामाजी, सासऱ्यांना मी हेच म्हणते, रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. ऐन विशीत भंडाऱ्याहून इथे आले. कारखान्यातल्या दुकालू नावाच्या गोंड सोबत्यानं त्यांना धनुष्य बनवायला शिकवलं आणि निवृत्तीनंतरही ते वेड काही सुटलं नाही. धामणीच्या झाडाचा ओंडका आणायचा, करवतीनं न कापता पाचरी ठोकून फाडायचा, म्हणजे लाकडाची रेघ तुटत नाही. टोकांना शेण लिंपून तो महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचा, मग काचेच्या तुकड्यानं खरवडत त्याला थोडंथोडं वाकायला शिकवायचं. आमच्या दिवाणाखाली कायम शेण लिंपलेली लाकडं. नव्या रायपूरच्या ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या की मी त्या लाकडांसमोर पाय पसरून बसायची, तेवढीच झाकझूक.

माझी मुलगी अनुश्री बारावीत असताना बीरगांवच्या रस्त्यावर स्कूटीवरून पडली. डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. आता चालते, पण त्या पायात जोर कमी. कॉलेजात गेल्यावर हट्टानं हिमाचलातल्या स्कीच्या शिबिराला गेली. डोंगरावरून घसरायचं नव्हे, सपाट बर्फावर पायांनी रेटा देत लांब जायचं. ही पट्टी मधोमध उंच असते, कमानीसारखी. एका पायानं जोर दिला की कमान दबते, मधला भाग बर्फ धरून ठेवतो आणि माणूस पुढे जातो. चौथ्या दिवशी तिथल्या शिक्षकानं अनुश्रीला पट्ट्यांवर उभं करून खाली कागद सरकवला. उजवीनं कागद घट्ट धरला. डावी दबलीच नाही, तिच्याखालून तो अलगद निघून आला. सगळ्यांसमोर शिक्षक म्हणाला, "बेटा, तुमसे नहीं होगा."

पोरगी परत आली ती रडलीसुद्धा नाही. मला तेच जास्त लागलं.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कागद अटकत अटकत निघाला का मोकळाच निघाला वं?"

"मोकळाच," ती म्हणाली.

"बरं. पुढच्या साली मी बनवून देतो तुले."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "मामाजी, पोरीला परत आशा लावू नका. एकदा चारचौघांत हसं झालं, तेवढं पुरे."

"हव," म्हणाले आणि पाचर शोधायला गेले. पालथ्या घड्यावर पाणी!

त्यांनी एकच ओंडका फाडून दोन फळ्या केल्या. पावसाळा गेला, दिवाळी झाली, लाकूड वाळलं. माझ्या लग्नातल्या मोठ्या गंजात पाणी उकळून त्यांनी फळ्यांची टोकं शिजवली आणि खिडकीच्या गजांना बांधून वर वळवली. रोज संध्याकाळी अनुश्रीला वजनकाट्यावर डाव्या पायानं दाबायला लावायचे आणि काट्यावरचा आकडा बाल्कनीच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. नुकतीच रंगवलेली भिंत! मग खरवडणं. चार वेळा काच फिरवायची, पट्टी दाबून बघायची, पुन्हा चार वेळा.

जानेवारीत पट्ट्या तयार झाल्या. दोन्ही फरशीवर ठेवल्या होत्या. मी गंमत म्हणून तांदळाचा डबा आधी उजवीवर ठेवला. ती तशीच उंच राहिली. मग डावीवर ठेवला, तर ती पार खाली बसली. माझं डोकंच फिरलं. एका लाकडाच्या दोन पट्ट्या, आणि एक कडक, एक लेचीपेची!

"आता डोळ्यांनी दिसत नाही तर हे उद्योग करावेत कशाला?" मी बोलून गेले. बोलायला नको होतं.

मामाजी रागावले नाहीत. कोपऱ्यातलं धनुष्य आणून त्यांनी माझ्या हातात दिलं. "धनुष्याचा वरचा हात दाबून पाह्य. आता खालचा."

खालचा जास्त कडक होता.

"मूठ बरोबर मधात नसते, म्हणून दोन हात सारखे ठेवून चालत नाई. सारखे केले तं बाण भलतीकडंच जाते. जोडी सारखी दिसली पायजे, असं कोनं सांगतलं तुले? पोरीत खोट नाई, सुजाता. थ्या शिबिरातल्या पट्ट्या दुसऱ्याच्या पायाच्या होत्या."

त्यांनी कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडून डाव्या पट्टीखाली घातलं. अनुश्री वर चढली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं उजवा पाय उचलला आणि डाव्यानं जोर दिला.

"ओढ," मामाजी मला म्हणाले.

मी ओढलं. पान हललं नाही. जोरानं ओढलं, तर टर्रकन फाटून अर्धं माझ्या हातात आलं. पोरगी तिथंच, पट्टीवरून न उतरता, हमसून रडायला लागली. वर्षभराचं रडणं होतं ते. आणि मी त्या शेणामातीत राबलेल्या हातांकडे बघत राहिले. इतकी वर्षं या माणसाला मी रोज चहा दिला होता, आणि त्याला काय येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी तापल्या खिळ्यानं डावीवर एक ठिपका उमटवला.

फेब्रुवारीत हिमाचलातल्या शिबिरातून अनुश्रीचा फोन आला. मी स्वेटर, जेवण असलं विचारत होते. मामाजींनी फोन घेतला. "डावी मागं सरकते का?"

"नहीं आजोबा," ती धापा टाकत म्हणाली. "एक बार भी पीछे नहीं गई."

मामाजींनी फोन कानाशी घट्ट धरला. मग लाजतच म्हणाले, "बर्फावर आवाज कसा येते वं? आयकव ना मले."

तिनं फोन खिशात ठेवला असावा. खर्र, खर्र, खर्र, खर्र. मामाजी डोळे मिटून ऐकत होते, आधी डावा पाय, मग उजवा.

"सारखा हाय," ते म्हणाले, आणि फोन माझ्या कानाला लावला.