सखूमावशींच्या अँबॅसिडरचा चासी नंबर

हातात पेन्सिल, पातळ कागद आणि टॉर्च घेऊन मी गाडीखाली उताणा पडलो होतो, आणि जिथं नंबर असायला पाहिजे तिथं नंबरच नव्हता. होतं ते माझ्याच ग्राइंडरनं घासून चकचकीत केलेलं लोखंड. मेलो, म्हटलं. आपल्याच हातानं नंबर घासून टाकला.

चासी नंबर म्हणजे काय ते आधी सांगतो. प्रत्येक गाडीच्या लोखंडावर कंपनी एक नंबर ठोकून देते. आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. जुन्या गाडीचं पासिंग करायचं, म्हणजे ती रस्त्यावर चालवायची पुन्हा परवानगी घ्यायची, तर त्या नंबरवर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. आकडे कागदावर उठतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण हेच करायचो. तो छाप अर्जाला लावायचा. बुकातला आणि लोखंडावरचा नंबर जुळला तर ती गाडी. नाहीतर भंगार.

आणि भंगारवाला तर तयारच होता.

गाडी अणदूरच्या सखूमावशींची. घर मेंढरांचं. त्यांचे मालक लोकर आणि घोंगड्यांचा धंदा करायचे. निम्मा कळप विकून त्यांनी ही अँबॅसिडर घेतली, तीही जुनीच. भावकी लई हसली म्हणे. पण ते डिकीत घोंगड्या भरायचे, शेजारी मावशींना बसवायचे आणि गावोगावचे बाजार करायचे. ते वारले आणि गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी राहिली. मुलगा दत्ता पुण्याला नोकरीला. तो म्हणायचा, जागा अडती, देऊन टाकू. मावशी ऐकेनात. शेवटी मायलेकरांत ठरलं. दिवाळीच्या आत गाडी चालू होऊन पासिंग झालं तर राहील, नाही झालं तर भंगारात जाईल, आणि मग मावशींनी एक शब्द काढायचा नाही.

त्यांनी मला बोलावलं. मी बत्तीस वर्षं डेपोत, हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालो. घरी बसून बायकोचं डोकं खात होतो. ती म्हणाली, "जावा बाई तिकडं, माझी तरी सुटका." गेलो.

सात महिने त्या शेडमध्ये काम चाललं. इंजिन जाम होतं. डिझेल सोडून चार दिवस भिजत ठेवलं, तेव्हा कुठं हललं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. सीटमध्ये त्यांचं सगळं खानदान नांदत होतं. मी खोलत जायचो आणि मावशी शेजारी पोत्यावर बसून लोकर निवडत चौकशा करायच्या.

"ह्ये काय वो मिस्त्री?"

"कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतं."

"त्येच्यातबी उंदीर हाय का?"

"नाही मावशी, कचरा आहे."

"मग ह्येच एक बरं म्हणायचं."

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला आणि ढसाढसा रडल्या. मलाही भरून आलं. बस चालू झाली म्हणून मी आयुष्यात कधी रडलो नव्हतो.

भांडण एकदाच झालं. बॉनेटच्या आत, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. तिच्यावर तळहाताएवढा थर साचला होता, तेल, हळद, कुंकू, सगळं वाळून घट्ट झालेलं. मी पटाशी उचलली तशा मावशी ताडकन उठल्या. "तितं हात लावायचा न्हाय. तितं पूजा हाय." मी वैतागलो. सगळी भिंत नव्यानं रंगवायची आणि मधे हा डाग ठेवायचा? पण बाई हटेना. शेवटी तेवढ्या जागेवर कागद चिकटवून मी बाकीचा रंग मारला. काम चांगलं झालं, पण तो डाग मला रोज खुपायचा.

तर, शुक्रवारी पासिंग आणि मंगळवारी नंबर गायब. डेपोतल्या जुन्या दोस्ताला फोन लावला.

"नंबर घासला गेला रे माझ्या हातनं."

"मग पंच करून घे की. एक जण हाय वळखीचा. बुकात बघून तसाच ठोकून देतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"मग सांग म्हातारीला, गाडी गेली म्हणून."

खोटं कशाला बोलू, दोन दिवस ते पंचवाल्याचं डोक्यात घोळत होतं. जेवण गोड लागेना. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. गुरुवारी सकाळी मात्र गेलो आणि मावशींसमोर उभा राहिलो.

"मावशी, माझ्याकडनं घोटाळा झालाय. गाडीचा नंबर गेला. खालचं लोखंड घासताना घासला गेला. आता पासिंग व्हायचं नाही."

मावशींनी हातातली लोकर खाली ठेवली. "कंचा नंबर? लोखंडावर ठोकल्याला?"

"होय, तोच."

"त्यो खाली कशाला असंल?"

"बसला खालीच असतो, मावशी."

"ही बस हाय व्हय?"

मावशी उठल्या, मला बॉनेट उघडायला लावलं आणि त्या कुंकवाच्या थरावर बोट ठेवलं. "ह्येच्याखाली हाय. मालक म्हणायचे, गाडीचं नाव तितं लिवलंय. चाकाला समदेच कुंकू लावत्यात, आपुन नावाला लावायचं. दर दसऱ्याला तेल लावून हळदीकुंकू. त्ये गेल्यावर बायका म्हणल्या, आता कुंकवाला हात लावू नगं. म्या म्हणलं, माझ्या कपाळाचं गेलं, गाडीचं का घालवू?"

बसला खाली लांबलचक लोखंडी सांगाडा असतो, तीच चासी. अँबॅसिडरला तसा वेगळा सांगाडा नसतोच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बत्तीस वर्षं हात बसखाली गेला, तो सवयीनं तिथंच गेला. मी जे घासलं होतं ते नुसतंच लोखंड होतं.

आता थर काढायला माझाच हात धजेना. मावशी म्हणाल्या, "थांबा, म्या काढते." खोबरेल आणलं, डोक्यावरून पदर घेतला. "मालक, राग धरू नगा. गाडीचंच काम हाय." मग अंगठ्यानं हळूहळू चोळायला लागल्या. आधी काळं निघालं, मग लाल, मग पिवळं. तासाभरानं आकडे दिसले. बाकीच्या भिंतीला मी गंज काढता काढता दमलो होतो, इथं मात्र तेलानं गंज शिवूच दिला नव्हता. मी कागद ताणून धरला. पेन्सिल मावशींनीच घासली. मी बुकातला एकेक आकडा वाचत गेलो. सगळे जुळले. मी तिथंच पोत्यावर बसकण मारली.

शुक्रवारी धाराशिवला गेलो. इन्स्पेक्टरनं ब्रेक बघितले, लाइट बघितले, हॉर्न वाजवला. मग टॉर्च मारून नंबर बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढ्या जुन्या गाडीचा नंबर इतका स्वच्छ? नवीन ठोकलाय का?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढं झाल्या. "साहेब, आकड्याच्या खाचंत नख घाला."

साहेबांनी घातलं. नखात कुंकू आलं. त्यांनी त्याचा वास घेऊन बघितला. मग मावशींना म्हणाले, "आजी, दसऱ्याचं ना हे? आमच्या आईचं शिलाई मशीन असंच लाल आहे." आणि फॉर्मवर सही केली.

मी मनात त्या पंचवाल्याला लांबूनच नमस्कार केला. त्याचं काम साहेबांच्या नखाला टिकलं नसतं, आणि मी पेन्शनसकट आत गेलो असतो.

बाहेर आल्यावर मावशींनी दत्ताला फोन लावायला सांगितला. "पास झाली," एवढंच बोलल्या. तो म्हणाला, "आई, दिवाळीला मी बसनं येतो. स्टँडवर घ्यायला येशील? गाडी घेऊन?"

"येते की," मावशी म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात कोंबून दुसरीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

डेपोत आमची एक रीत होती. बसला पाना लावायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचं, गाडीचं काय काय म्हणणं आहे. बत्तीस वर्षांत मी ती कधी मोडली नाही. इथं ड्रायव्हर अकरा वर्षांपूर्वीच गेलेला, म्हणून सात महिने मी कुणालाच काही विचारलं नाही. त्याच्या शेजारच्या सीटवर जन्मभर कोण बसलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.