प्याजी खिडक्या

माझी थोरली जाऊ सिद्धम्मा. तिला मी अक्का म्हणत असे. पालमच्या पेठेत तिच्या नवऱ्याचं, मन्मथअप्पांचं, कापडाचं दुकान होतं, आणि त्या दुकानातलं जे कापड कुणीही घेत नसे ते अक्का नेसत असे. हे मी रागानं सांगते आहे. तिनं कधी रागानं सांगितलं नाही.

सण जवळ आला की अप्पा दुकान झाडून काढत आणि गावानं तोंड फिरवलेलं एखादं लुगडं काखेत मारून घरी आणत. एका वर्षी चुलीतल्या राखेच्या रंगाचं आणलं. एका वर्षी असलं पिवळं आणलं की अक्का परसात गेली तर म्हैस दावं ताणून मागं सरकली. अक्का ते नेसून माझ्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, “बघ गं, अख्ख्या पालमनं नको म्हनलेलं मला कसं शोभायलंय.” आणि स्वतःच हसत सुटायची. तेवीस वर्षं ती त्या घरात नांदत होती. कुणाच्या ताटात किती भाकऱ्या, कुणाला आंबट चालतं, कुणाला बाधतं, सगळं तिला पाठ. तिला काय चालतं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

अप्पा वाईट नव्हते. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत आणि कुणाला बोटभरसुद्धा कमी कापड मोजून देत नसत. फक्त बायकोला आवडनिवड असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? गावात सगळीकडे तीच रीत. बाई दुकानाची पायरी चढत नसे. लुगडं असो की चोळीचा खण, नवरा किंवा सासरा पसंत करून आणी आणि बाई मुकाट्यानं नेसे.

निजामाचं राज्य होतं, फसली सन तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस-अडतीस असावं. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष चालू होतं. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या चार खिडक्यांच्या चौकटी वाळवीनं आतून पोखरल्या होत्या. वरून डांबर फासलेलं, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. एके सकाळी अप्पा खिडकीच्या गजाला धरून रस्त्यावरच्या माणसाशी बोलत होते. बोलता बोलता गज चौकटीसकट त्यांच्या हातात आला. रस्त्यावरचा माणूस आधी पळाला आणि मग विचारायला परत आला.

मुंजाजी सुतारानं सागवानी चौकटी केल्या, बसवल्या आणि रंग कोणता द्यायचा हे विचारायला तो दुकानावर गेला. अप्पा एका लग्नाचा बस्ता मोजत होते. मोजणी चालू असताना त्यांना कुणी घराला आग लागल्याचं सांगितलं असतं तरी त्यांनी मान वर केली नसती. आकडा चुकू नये म्हणून ते एवढंच म्हणाले, “घरात इचार.”

दुसरा कुणी असता तर ओट्यावर बसून त्यांची मोजणी संपायची वाट बघितली असती. मुंजाजी सरळ माणूस. तो खरंच घरी आला आणि अंगणात उभा राहिला.

“अक्का, खिडक्याला रंग कोनचा द्यायचा?”

अक्काचे हात पिठात होते. “कोनाला इचारायलाव?”

“तुमालाच. अप्पा म्हनले, घरात इचार.”

अक्कानं परात बाजूला सारली आणि तशीच बसून राहिली. त्या दिवशी भाकरी मी केल्या.

संध्याकाळी अप्पांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. पण दुकानदार शब्दाला पक्का. “बोललो तर बोललो,” ते म्हणाले. “बाजाराच्या दिवशी सांजेपर्यंत सांग म्हनावं. त्याच्या पुढं मुंजाजी दोनच दिस गावात हाय, मग गंगाखेडला देवळाच्या कामाला जायलाय. न्हाई जमलं तर आपलं डांबर हायच.”

बाजाराला चार दिवस होते. अक्काला जन्मात पहिल्यांदा काहीतरी निवडायचं होतं, आणि तिला ते येत नव्हतं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, तपकिरी बरा, धूळ दिसत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, हिरवा बरा, यांना हिरवा आवडतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कडूबाईला विचारून आली, कडूबाई निळा म्हणाली म्हणून निळा. माझा स्वभाव तेव्हापासून तापट. मी म्हणाले, “अक्का, धूळ काय म्हनती, कडूबाई काय म्हनती ते सोडा. तुमाला कोनचा आवडतो?”

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “आवडायची बी सवय लागती गं. मला लागलीच न्हाई.”

मला रडू आलं आणि तिला माझ्या रडण्याचं हसू आलं. त्यातून तिला एक युक्ती सुचली. अप्पा गिऱ्हाइकाला नेहमी सांगत, रंग दिव्याच्या उजेडात बघू नये, दारात नेऊन उन्हात बघावा. “मग आपुन बी तसंच करू,” ती म्हणाली. माझ्या नवऱ्याला तिनं दुकानात पाठवलं आणि एकरंगी मलमलीचे नऊ तागे मागवले. अस्मानी, फिरोजी, अंजिरी, डाळिंबी, बदामी, पोपटी, जांभळा, केशरी आणि प्याजी. प्याजी म्हणजे कांद्याच्या सालीचा फिका गुलाबी. कापडवाल्याच्या घरात खिडकीचा रंग ठरवायचा तर कापडावरच ठरणार. बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही चारी खिडक्यांच्या, अजून गज न बसवलेल्या, कोऱ्या चौकटींवरून ते तागे रस्त्याच्या बाजूला सोडले. विचार असा की दिवसभर येताजाता बघावं आणि सांजेला ठरवावं.

पण बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांच्या बाया आमच्याच गल्लीतून जायच्या. पहिली थबकली, दुसरी थबकली, आणि थोड्याच वेळात खिडकीखाली हा घोळका. त्यांना वाटलं, अप्पांनी बायांसाठी घरीच दुकान मांडलं.

“विकायलाव का हे?” कडूबाईनं विचारलं. आपल्याच शेजारणीच्या खिडकीत तिला एकदम परक्या गिऱ्हाइकासारखं बोलावंसं वाटलं असावं.

“न्हाई गं, खिडकीचा रंग बघायलाव,” अक्का म्हणाली.

“मग चोळ्यांला ह्या अंजिरीतलं दोन गज दे मला. बारा वर्सं झाली निळं नेसायले. ह्यांना निळा आवडतो. मला तर निळ्याचा वीट आलाय.”

अक्कानं माझ्याकडे बघितलं. घरात कापड मोजायचा गज नव्हता. तिनं कापडाचं टोक नाकाशी धरलं, हात लांब ताणला, म्हणाली हा एक, आणि कातरी मागितली. तिचा हात लांब, त्यामुळे गज चांगलाच भरघोस पडायचा.

मग काय विचारता. खिडकीच्या आत आम्ही दोघी, बाहेर साऱ्या गल्लीभर बाया. कुणी गालाशी कापड लावून बघत होती, कुणी हाताशी. ज्या बायांनी आयुष्यात कधी कापडाचा भाव केला नव्हता त्या घासाघीस करत होत्या आणि मधेच हसत होत्या. पैसे परातीत पडत होते. अक्काला काय झालं होतं कोण जाणे, ती एकेकीकडे नजर टाकायची आणि सांगायची, “तुला केशरी न्हाई, तू डाळिंबी घे. तुझा रंग सावळा हाय, लय खुलतंय बघ.” आणि खरोखर खुलायचं. तेवीस वर्षं नको असलेले रंग अंगावर वागवून तिला रंगांची नस सापडली होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पदर घसरला होता, आणि मी तिला इतकी देखणी कधी पाहिली नव्हती.

दुपार कलली तोवर चार तागे संपले. तेवढ्यात पार्वतीबाई आल्या. या गावच्या व्यंकटराव देशमुखांच्या बायको. अप्पांच्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे देशमुखांचा वाडा. पार्वतीबाईंनी सगळं निरखलं आणि प्याजी कापडावर हात ठेवला.

“हे द्या सिद्धम्मा. सगळा तागाच द्या.”

“ते न्हाई,” अक्का म्हणाली.

“न्हाई म्हंजे?”

“दुसरं कोनतं बी घ्या. हे न्हाई.”

नेमके त्याच वेळी अप्पा घोळक्याच्या मागे येऊन उभे राहिले. घरी दुकान लागल्याची बातमी पेठेत पोचली होती आणि ते गज हातात घेऊनच धावत आले होते. आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवणं त्यांच्या लेखी पापच, आणि तेही देशमुखांकडचं. ते कळवळून म्हणाले, “अगं दे की. आपल्याकडं काय प्याजीला तोटा हाय?”

“हा विकायचा न्हाई,” अक्का म्हणाली. “हा माझ्या खिडकीचा हाय.”

बोलून गेली आणि मग तिलाच ते कळलं. सकाळपासून तिनं आठ रंग हसत हसत कापून दिले होते. या एकाला कातरी लावायला तिचा हात धजला नव्हता. तिला काय आवडतं हे तिला असं कळलं, सगळ्या गल्लीदेखत.

अप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “खिडक्याला प्याजी? लोक हसतील की. आन् दोन पावसाळ्यात उडून जाईल ते.”

“उडू द्या. पुन्हा लावू.”

“लोकांचं काय?”

“लोकांच्या घरात कुठं लावायलाव?”

बाया पदरात तोंड लपवून हसल्या. पार्वतीबाईसुद्धा हसल्या आणि गुमान अस्मानी घेऊन गेल्या. अप्पांनी परातीतल्या पैशांकडे बघितलं, रिकाम्या झालेल्या तागांकडे बघितलं आणि बायकोकडे बघितलं. तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग गज काखेत मारून दुकानावर निघून गेले. ते हो म्हणाले की नाही, हे आम्हाला रात्रभर कळलं नाही.

सकाळी मुंजाजी आला. सफेदा, हिरमिजीची तांबडी पूड आणि कढवलेलं जवसाचं तेल घेऊन आला. अप्पांनीच निरोप पाठवला होता. अक्का प्याजी तागा घेऊन त्याच्यासमोर बसली. थोडा फिका कर. आता थोडा गडद. अजून चिमूटभर. सातव्यांदा मिश्रण ढवळताना मुंजाजी म्हणाला, “अक्का, गेल्या सोमवारी तुमाला इचारलं तवा तुमी मुक्या झाल्ता. तसंच ऱ्हायला असता तर बरं झालं असतं.” आठव्या वेळी रंग कापडाला तंतोतंत जुळला.

दुपारी पहिली खिडकी रंगून झाली. पांढऱ्या मातीच्या भिंतीत ती इतकी गोड दिसत होती की मी रस्त्यावर जाऊन बघून आले. धाकट्या सुनेनं असं जाऊ नये, पण गेले. अप्पा जेवायला आले होते आणि ओट्यावर उभे होते. व्यंकटराव देशमुख घोड्यावरून चालले होते, ते थांबले. वाड्यावर सगळी हकिकत त्यांना कळली असणारच.

“अप्पा,” ते मिशीत हसत म्हणाले, “ही पसंत म्हनायची कोनाची?”

आता त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेई ते फक्त मंगळकार्यात, आणि तेही उखाण्यात. नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घेणं म्हणजे भलतंच. ‘घरातल्यांची’ म्हटलं की भागत असे. अप्पांनी तेवीस वर्षं घरातसुद्धा ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’ यावरच संसार केला होता. आम्ही दोघी खिडकीच्या आत कान देऊन उभ्या होतो.

अप्पांनी घसा खाकरला. मग समोरचं दुकान, पलीकडचा पार, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सिद्धम्माची.”

व्यंकटरावांनी लगाम सावरला. त्यांनी मान हलवली आणि घोडा पुढे काढला.

अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“ऐकलंस?” तिनं विचारलं.

“ऐकलं की.”

“मग जा, ओट्यावर पानी नेऊन दे त्यांना,” ती म्हणाली, “आन् अजून कोनी इचारायला येतंय का ते बघ.”