फाट्यापर्यंतची गाडी

आमची सकाळची एसटी वेळेवर येत असती, तर यातला एकही किस्सा माझ्याकडे नसता. गाडी येते फाट्यावर, वाडी वर डोंगरात, मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची घाटी. गुडघे सांभाळत उतरायचं आणि चिंचेखाली गप्पा मारत वाट बघायची. आम्ही बहुतेक सगळे सत्तरीपुढचे. मी इथल्या शाळेचा मास्तर. मुलं संपली, तेव्हा मी आणि शाळा एकाच दिवशी निवृत्त झालो.

*

एकदा आगारातून पत्र आलं : "प्रवासी कमी असल्याने फेरी बंद करण्याचा विचार आहे." तालुक्याचा दवाखाना याच गाडीवर, त्यामुळे आमची पाचावर धारण बसली.

दत्ताराम हा आमचा पुढारी, मुंबईत शिपायाची नोकरी करून परतलेला. तो म्हणाला, "देवळातल्या दिव्याच्या पाळ्या लावतो ना? तशा गाडीच्या लावू." रोज दोन घरांनी, काम असो वा नसो, गाडीत बसायचं. चुकेल त्याने देवाला नारळ द्यायचा.

पहिल्याच दिवशी शेवंताकाकू ठेवणीतलं लुगडं नेसून बसली. कंडक्टरने विचारलं, "काकू, कुठं जायचंय?"

"तू नेशील तिथं. आज आमच्या घराची पाळी हाय."

*

मे महिन्यात दत्तारामचा मुलगा मुंबईहून नवी कोरी कार घेऊन आला. नेमकी त्या दिवशी त्यांच्या घराची पाळी! बापापुढे बोलणार काय? तो एसटीत बसला आणि बायको-पोरं कारने मागून गेली, त्याला परत आणायला. गाडी थांबेल तिथे कारही थांबत होती.

दत्ताराम मात्र खूश. "बघा मास्तर, एक गाडी बंद करीत होते, आता दोन धावतायत."

*

सहा महिन्यांनी दुसरं पत्र आलं. प्रवासी वाढले, पण बहुतेक पंच्याहत्तरीपुढचे, फुकट प्रवासवाले. तरुण प्रवासी का नाहीत?

दत्तारामने माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं : "ते तुमच्याच गाडीने गेले. गणपतीत या, दाखवतो."

*

मग शेवंताकाकूचे गुडघे गेले. तिला डॉक्टरकडे न्यायला आम्ही चौघांनी खुर्चीला बांबू बांधले आणि घाटी उतरवली. डॉक्टरांनी तिला पाच मिनिटं तपासलं आणि आम्हाला अर्धा तास. परत चढवताना ती सारखी म्हणत होती, "मला इथंच ठेवा रे, तुमी मराल." मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठीच आम्ही वाडीपर्यंत रस्त्याचा अर्ज केला. उत्तर आलं : लोकसंख्या पाहून ठरवू, माणूस पाठवतो.

*

माणूस काही येईना. दरम्यान आगाराने कळवलं की साहेब सोमवारी स्वतः गाडीत बसून प्रवासी बघणार. दत्तारामने घरोघर फिरून वाडी खाली उतरवली. आजारी, बहिरे, एक सुईणही. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. साहेबांना शेवटी दत्तारामने मांडीवरची पिशवी बाजूला करून टेकायला जागा दिली.

त्याच सोमवारी रस्तेवाला माणूस आला. मोटरसायकल फाट्याला लावून, धापा टाकत घाटी चढला. घराघराला कुलूप. फक्त शेवंताकाकू ओटीवर.

"बाकीची माणसं कुठं आहेत?"

"गाडीत बसलीत."

"इथं राहतं कोण?"

"मी."

त्याने कागदावर लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि गेला.

पंधरा दिवसांनी दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. ती मी काकूच्या ओटीवर वाचून दाखवली. पहिलं आगाराचं : प्रवासी भरपूर, फेरी चालू राहील. दुसरं रस्त्याचं : वाडीची लोकसंख्या एक, सबब रस्त्याची आवश्यकता नाही.

काकूने दुसरं पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली,

"एक म्हंजे मीच ना रे मास्तर? रस्ता मलाच तर हवा होता."