सदऱ्याचा मालक

माणसाला नावाने न ओळखणारा आणि तरीही कुणालाच न विसरणारा असा एकच इसम उभ्या नागपुरात माझ्या पाहण्यात आला. तो आमचा धोबी. पंचवीस वर्षे त्याने माझे कपडे धुतले. त्या अवधीत माझे नाव त्याने एकदाही विचारले नाही. त्याच्या लेखी मी ‘दोन टिंबं, खाली आडवी’ होतो. बिब्ब्याच्या रसात सुई बुडवून ही खूण त्याने माझ्या सदऱ्याच्या घेरावर आतून घातली, वर चुना लावून पक्की केली, आणि माझी ओळख त्याच्यापुरती कायमची ठरली. शेजारचे वकील ‘फुली’ आणि त्यांच्या पत्नी ‘फुली, बाजूले टिंब’. वकिलांना मुलगा झाल्याची वार्ता मला त्याच्याचकडून कळली. ‘फुलीले पोरगं झालं, बाबूजी,’ असे सांगून त्याने गाठोडे खाली ठेवले आणि बाळाला कोणती खूण द्यावी या विचारात तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला.

कपड्यावरून तो माणूस वाचत असे. मी तंबाखू सोडली, असे मी घरी जाहीर केले होते. पुढच्या खेपेस माझा सदरा त्याने पत्नीसमोर मोजायला घेतला नाही. रस्त्यावर नेऊन झटकला, आत आणला आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘खिसा तुमीच झटकत जा, बाबूजी. मी कुठवर झटकू?’ त्याचा धर्म मात्र एकच होता: कपडा मालकाकडे पोचला पाहिजे. एकदा वकिलांचा रेशमी सदरा चुकून शहराबाहेरच्या वाडी गावातील एका ट्रक ड्रायव्हरच्या गठ्ठ्यात गेला. हा वाडीला पोचला तेव्हा ड्रायव्हर तो सदरा घालून अमरावतीकडे निघाला होता. हा दुसऱ्या ट्रकवर चढला, कोंढाळीच्या चहाच्या टपरीवर त्याला गाठले आणि सदरा अंगातून काढून आणला. ड्रायव्हर बनियनवर पुढे गेला. ‘थंडी नाही वाजली त्याला?’ मी विचारले. ‘वाजली असंन,’ तो म्हणाला, ‘पन सदरा फुलीचा होता.’

अशा माणसाला मी पुतण्याच्या लग्नाच्या वऱ्हाडात बरोबर घेतले, ते इस्त्रीच्या सोयीसाठी. लग्न मध्य प्रदेशातील एका छावणीच्या गावी होते. कोळशाची इस्त्री त्याने रेल्वेत सामानात टाकू दिली नाही. रात्रभर मांडीवर धरली. लग्न लागले, पंगती उठल्या, वऱ्हाड पसरले. परतीची गाडी सायंकाळी सहाला होती. दुपारी झोपण्याची मला सवय नाही, म्हणून मी छावणीतले युद्धसंग्रहालय पाहण्यास निघालो. तोही निघाला. तोफांकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. तलवारी, पदके, नकाशे हे त्याच्या हिशेबी रस्त्यातले अडथळे होते. गणवेशांपाशी मात्र तो थांबे आणि शेरा मारी. ‘याले नीळ जास्त झाली.’ ‘ह्या पँटीची मोड कोन्या आंधळ्यानं पाडली गा?’

उंच पायांच्या एका काचेच्या कपाटात खाकी सदरा टांगला होता. बरगडीखाली गोळीचे भोक होते. पाटीवर लिहिले होते की, दुसऱ्या महायुद्धात पलटणीचे मेजरसाहेब जखमी झाले तेव्हा हा त्यांच्या अंगावर होता. मी पाटी वाचली आणि पुढच्या कपाटाकडे गेलो. मागे पाहतो तो हा कपाटाखाली फरशीवर उताणा पडलेला, आणि कपाटाच्या काचेच्या तळातून वर, सदऱ्याच्या आत डोळे लावलेले. तेथील म्हातारा हवालदार धावत आला.

‘ऐ बाबा, यहाँ सोना मना है!’

‘सोता नहीं हूँ, हवालदारसाहेब. वाच रहा हूँ,’ हा खालूनच म्हणाला. मग मला हाक आली. ‘बाबूजी, हा सदरा साहेबाचा नोहोय.’

माझी हयात न्यायालयात शिरस्तेदारी करण्यात गेली. मी पुरावा मागितला. तो उठला, धोतर झटकले आणि त्याने पुरावा दिला. तरुणपणी तो बापाबरोबर कामठीच्या छावणीत याच पलटणीचे कपडे धूत असे. साहेब लोकांची खूण कॉलरला, इतरांची घेरावर. या घेरावर एक लाट आणि खाली तीन थेंब होते. ती पलटणीच्या भिस्त्याची, म्हणजे कातडी मशकीतून पाणी वाहणाऱ्याची, खूण होती. ‘हा माहाच हात आहे. बाप थेंब गोल काढे, मी खाली ओढतो. आन् उजवा खांदा पाहा. मशकीच्या पट्ट्यानं घासला. साहेब कधी मशक वाहते का?’

मी चष्मा पुसून पाहिले. उजवा खांदा विरला होता; रफू होता. डावा कोरा होता. हवालदारानेही पाहिले.  मग त्याने रीतसर प्रश्न केला.

‘नाम बताओ. किसका है?’

याने पुन्हा घेराकडे पाहिले. इतक्या वर्षांत नावाची गरज त्याला प्रथमच पडली असावी. ‘नाव नाही ठाऊक,’ तो अखेरीस मला म्हणाला. ‘तो घाटावर ये. पटका सोताच धुवे. मले म्हने, तू माहा घाम धुतो, मी तुले पानी पाजतो. पलटन गेली, मंग नाही दिसला. आज दिसला.’

तो कपाटासमोर मांडी घालून बसला. पाटी बदलल्याखेरीज उठणार नाही, असे त्याने सांगितले. गाडी सहाला आहे, मी म्हणालो. ‘जाऊ द्या गाडी. तुमी बी जा. एकाचा कपडा दुसऱ्याच्या नावानं टांगला, आन् मी पाहून राहिलो. मी कोन्या तोंडानं घाटावर जाऊ?’

पाटी वरच्या हुकमाशिवाय बदलता येत नाही, हे हवालदाराने तीनदा समजावले. तिसऱ्या खेपेस त्याचा आवाज मऊ झाला होता. शेवटी मी त्याच्याच टेबलाशी बसून इंग्रजीत अर्ज लिहिला. अर्जदाराने अंगठा उठवला. अंगठ्याखाली लाट काढली आणि तीन थेंब, खाली ओढलेले. हवालदाराने पोच दिली. मगच हा कपाटासमोरून उठला. गाडी आम्हाला हलताना मिळाली.

अर्जाचे उत्तर एकदा आले: प्रकरण विचाराधीन आहे. मी चार स्मरणपत्रे पाठवली. दर आठवड्याला तो गाठोडे खाली ठेवण्याआधी विचारी, ‘कागद आला का?’ मी नाही म्हणे. तो कपडे मोजू लागे.

सहा वर्षांनी त्या गावी मला पुन्हा जाण्याचा प्रसंग आला. पाटी तीच होती. मेजरसाहेबांचे नाव तसेच. सदरा मात्र आता टांगलेला नव्हता. तो आडवा पसरला होता आणि घेर उलटून बाहेर काढला होता. लाट आणि तीन थेंब उजेडात होते. तेथील नव्या माणसाला मी कारण विचारले. ‘पुराने हवालदार जाते जाते रख गए,’ तो म्हणाला. ‘बोले, इसको सीधा मत करना.’

नागपुरास परतल्यावर मी प्रथम त्याच्याकडे गेलो. तो इस्त्री करीत होता.

‘पाटी?’ त्याने विचारले.

‘तीच.’

‘खूण?’

‘बाहेर काढून ठेवली आहे. दुरून दिसते.’

त्याने इस्त्री उभी केली. ‘मंग झालं,’ तो म्हणाला. ‘पाटी कोन वाचते? त्याच्या घरची बाई आली, त घेर पाहीन. धोब्याची खूण घरच्या बाईले ठाऊक राहते.’

अशी बाई असेल का, हयात असेल का, आणि त्या गावापर्यंत पोचेल का, हे प्रश्न मला सुचले. मी ते विचारले नाहीत.

त्यानंतर तीन वर्षांनी तो गेला. त्या गावाकडे कुणी निघाले, की मी त्याला संग्रहालयात जाण्यास सांगतो. एखादी म्हातारी खाकी सदऱ्यापाशी थांबून गेली का, एवढे तेथील माणसाला विचारून यावे. अद्याप कुणी होकार आणलेला नाही. मी सांगणे सोडलेले नाही.