उजव्या हाताची मूठ

मला पिस्तूल भेट मिळालं तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो. देणारा आमच्या नेमबाजीच्या क्लबातला म्हातारा इजिप्शियन कोच. नोकरी संपवून तो कायमचा घरी निघाला होता. पॉइंट टू-टूचं जुनं स्पर्धेचं पिस्तूल त्यानं क्लबच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावावरून माझ्या नावावर केलं आणि म्हणाला, "हबीबी, खलास. अब तेरा." अट एकच, ती क्लबची: पिस्तूल क्लबच्या कपाटाबाहेर जायचं नाही. मूठ मात्र स्क्रू काढले की वेगळी होते, आणि ती नुसतं लाकूड असल्यामुळे घरी नेता येते.

अमिरातीतल्या रास अल खैमामध्ये एका सिरॅमिक कारखान्यात मी मोल्ड शॉपचा फोरमन आहे. वॉशबेसिनचे आणि कमोडचे प्लास्टरचे साचे करतो. तडा गेलेला माल फोडून टाकायचं काम हाताखालच्या माणसांचं, पण हातोडा मीच घ्यायचो. पांढरंशुभ्र बेसिन एका घावात फुटलं की मला बरं वाटायचं. क्लबातही मी त्यासाठीच गेलो. नेमबाजीनं मन शांत होतं असं लोक सांगतात. माझं नाही झालं. समोरच्या काळ्या वर्तुळाला मी चेहरे द्यायचो. मॅनेजर, मेहुणा, वडील. सगळ्यात जास्त गोळ्या वडिलांवर खर्च झाल्या. त्यांनी मला पट्ट्याच्या बक्कलनं बडवलं होतं, शेजाऱ्यांसमोर, आणि मारून झाल्यावर ते बक्कल मलाच पुसायला लावलं होतं. राग नाकावर बसतो म्हणतात, आमच्या घराण्यात तो हातात बसतो.

कोचला हे कळलं असावं. जाताना त्यानं बजावलं होतं, "ट्रिगर हलका करू नको. तेरा गुस्सा बहुत फास्ट है." ते मी ऐकलं. पिस्तुलावर नाव कोरून घ्यायचा विचार दोन दिवस केला आणि सोडून दिला, दुसऱ्याच्या वस्तूवर आपलं नाव टाकल्यासारखं वाटलं म्हणून. प्रश्न मुठीचा होता. ती कोचच्या पंजावर घडवलेली, आणि माझ्या हातात ती फिरायची. माझ्या उजव्या करंगळीच्या मुळाचा सांधा आत बसलेला आहे. मूठ वळली की करंगळी तिरकी होऊन शेजारच्या बोटाखाली शिरते, आणि गोळी दरवेळी खाली जाते.

अजमानमध्ये एक पाकिस्तानी सुतार आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. क्लबातल्या बऱ्याच जणांच्या मुठी त्यांनीच घडवल्यात. त्यांनी माझी करंगळी चाचपून विचारलं, "ये कैसे टूटा?"

"फॅक्टरी में साँचा गिरा, चाचा."

"बीस दफा हात लगाके देखना पडेगा. रोज आ सकोगे?"

शिफ्ट सोडून रोज अजमान मला शक्य नव्हतं. मग मला माझ्या धंद्यातली अक्कल सुचली. मी म्हणालो, "चाचा, हाथ ही लाके रख देता हूँ आपके पास."

जेवणाच्या सुट्टीत मी हाताला मऊ साबण चोपडला, पिस्तुलाच्या जाडीची काठी मुठीत धरली आणि हाताखालच्या मल्याळी माणसाला प्लास्टर ओतायला लावलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. हात आत अडकलेला आणि चटका वाढत चाललेला. हात मोडला त्या दिवशीही तो असाच आतून तापला होता. साचा दोन भागांत सुटला, ते जोडून त्यात पुन्हा प्लास्टर ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझी मूठ बाहेर आली. नखं, सुरकुत्या, तो बसका सांधा, सगळं जसंच्या तसं. एवढा स्वच्छ नग मी वर्षभरात काढला नव्हता. मला अभिमान वाटला, हे लिहायलाच हवं.

साचा पडला हे खोटं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी आमच्याकडे दोन कुटुंबं जेवायला होती. बोलता बोलता बायको सहज म्हणून गेली, "ह्यांचं प्रमोशन यंदापण राहिलं." पाहुणे लिफ्टपर्यंत पोचायच्या आत मी दार लावलं. पहिली थप्पड बसली तेव्हा तिच्या हातात ताटं होती. ती पडली. दुसऱ्या थपडेला ती सिंककडे सरकली. तिसऱ्यांदा मी मूठ वळली. हाड मोडल्याचा आवाज आला. माझं की तिचं, ते तेव्हा कळलं नाही. दोघांचंही मोडलं होतं. आमची आठ वर्षांची मुलगी दारात उभी राहून "पापा, स्टॉप इट" एवढंच म्हणत होती, शाळेत शिकवतात तसं, स्पष्ट.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला मी इथल्याच हॉस्पिटलात नेलं आणि बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी एकटा शारजाला गेलो, म्हणजे दोन एक्स-रे एका टेबलावर यायला नकोत. तिथल्या डॉक्टरनं फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "किसको मारा?" मी साचा म्हणालो. त्यानंतर मी तिच्यावर हात उचलला नाही. म्हणून मी समजून चाललो होतो की ते प्रकरण मिटलं. मुलगी आता पुण्यात शिकते आणि फोन फक्त आईला करते. त्याचंही कारण मी मोबाइलचं नेटवर्क धरून चाललो होतो.

ती प्लास्टरची मूठ मी शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवली. बायको तांदूळ धूत होती. ओढणीला हात पुसत आली.

"हे काय?"

"माझा हात. चाचांकडे ठेवायचाय, पिस्तुलाची मूठ करायला."

तिनं तो उचलला. उलटासुलटा केला. बसक्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी धरून डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर टेकवला. तिथं तिचं हाड थोडं खोल आहे.

"बसतो बघा," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली, तरी बरोबर बसतो."

लाज नंतर वाटली. आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी सकाळी हे काय, एवढ्या वर्षांनी हे काय, असं तोंडाशी आलं होतं.

"चाचांना काय सांगितलंत? कशानं मोडला?"

"साचा पडला."

"अजून तेच?" ती म्हणाली, आणि मूठ टेबलावर ठेवून परत तांदळाकडे गेली.

मी मूठ बाल्कनीत नेली, हातोडा घेतला आणि फोडली. एका घावात दोन तुकडे झाले होते, पण मी थांबलो नाही. बोटं फोडली, मनगट फोडलं, तुकड्यांचा चुरा होईपर्यंत मारत राहिलो. तोंडातून शिव्या जात होत्या, कुणाला ते माहीत नाही. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. आत आलो तेव्हा कपडे पांढरे झाले होते आणि स्वयंपाकघरात नळ चालू होता. ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

मी तसाच क्लबला गेलो. पिस्तूल नको म्हणून अर्ज लिहिला, सही केली, घरी आणलेली कोचची लाकडी मूठ जागेवर बसवून दिली. कारकून म्हणाला, इतकं चांगलं हत्यार कुणी सोडतं का. परत येताना गाडीत मला फार मोकळं वाटत होतं. मी मोठं काहीतरी सोडून आलोय, आता तिला सांगायचं, बहुतेक ती रडेल, मीही रडेन, असं सगळं मी मनात रंगवत होतो.

ती टेबलावर बसली होती. मी म्हणालो, "परत केलं पिस्तूल. कायमचं. आता या घराशी त्याचा संबंध नाही."



"मी पिस्तुलाला कधी भ्याले होते?" ती म्हणाली. "ते तर मी पाहिलंसुद्धा नाही."

मला तिला सांगायचं होतं की माझं चुकलं. हे शब्द मी अकरा वर्षांत उच्चारले नव्हते. बोलताना हातवारे करायची मला सवय आहे. मी तोंड उघडलं आणि उजवा हात वर गेला, आणि तिनं खुर्चीसकट मागे सरकून चेहरा झाकून घेतला.