सातव्या धड्यातली चूक

महादेवीबाईंच्या नंबरावरून त्या दिवशी शाळेच्या वेळेत दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मी तो वाजू दिला. वाटलं, नेहमीचंच असणार... 'सलीम, हे मोबाईल परवानगी द्या म्हणतंय, कशाची रे परवानगी?' तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वर्गाबाहेर आलो आणि जरा त्रासूनच 'बोला बाई' म्हटलं. पलीकडे काका होते, बाईंचे यजमान. 'सलीम, ती गेली,' एवढंच म्हणाले. जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. याला आता दीड महिना झाला. मधे दोनदा त्यांच्यावर लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठलो, कारण बाईंबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि तो भाग काही चांगला नाही.

सोलापुरात आमच्या शाळेत बाई भूमिती शिकवायच्या. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि दोन्हींत सारख्याच कडक. मी तिथे विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा त्यांची निवृत्तीला बारा-तेरा वर्षं राहिली होती. त्यांचा संशयी स्वभाव सगळ्या शाळेला माहीत होता. उत्तर चुकलेल्या मुलाला त्या रागावत नसत. बरोबर उत्तर लगेच आलं की मात्र डोळे बारीक करून विचारायच्या, 'हौदा? कसं आलं ते सांग.' हौदा म्हणजे 'हो का?' हा एक शब्द त्या अशा सुरात म्हणायच्या, की बरोबर असलेला माणूसही आपली वही पुन्हा तपासायचा. मुलं घाबरायची, पण शाळा सोडून गेलेली मुलं रस्त्यात भेटली की आधी त्यांचीच चौकशी करायची.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आमच्या संस्थेने एक ऑनलाईन वर्ग काढला. शिक्षण मधेच सुटलेल्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांसाठी. भूमिती बाईंकडे आली आणि यंत्रांची बाजू माझ्याकडे. मी हौसेने त्यांच्या होटगी रोडच्या घरी गेलो, मोबाईलचा स्टँड, कॉलरला लावायचा माईक, पडद्यावर लिहायचं पेन, सगळं मांडलं. बाईंनी एकेक वस्तू उचलून बघितली आणि विचारलं, 'हे ऐकतं का रे? आपण शिकवत नसतानाही?' मी नाही म्हणालो, तर म्हणाल्या, 'तुला कसं कळलं?' दुसऱ्या दिवशी बघतो तर कॅमेऱ्याच्या भिंगावर टिकली चिकटवलेली. शिकवताना काढायची, झालं की परत लावायची. एकदा ती काढायचीच राहिली आणि कर्णांवरचा अर्ध्या तासाचा धडा नुसत्या काळोखात भरला गेला, रेकॉर्डिंगमध्ये फक्त आवाज. मी वैतागलो. बाई शांतपणे म्हणाल्या, 'आवाज आला ना? मग तुझं यंत्र बोललं का नाही, की दिसत नाही म्हणून? वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा ओरडलं असतं.'

दुसऱ्या यंत्रांशीही असंच. बोललेलं आपोआप लिहून देणारी सोय मी सुरू केली, तर तिने 'त्रिकोण'चं 'तरी कोण' केलं. मागची भिंत पुसट करणारी सोय लावली, तर बाईंच्या हातातला लाकडी कोनमापकच गायब होऊ लागला, हात तेवढा हवेत फिरायचा. मी हसायचो. बाईंना हसू येत नव्हतं. एकदा माईक काढून ठेवत त्या म्हणाल्या, 'सगळे धडे एकदा भरून झाले की बाईचं काय काम, सलीम? डबा भरून घेतल्यावर स्वयंपाकीण कशाला लागते?' मी म्हटलं, 'काहीतरीच काय बाई.'

त्याच आठवड्यात संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून विचारलं, 'कसं चाललंय? बाईंना झेपतंय ना?' ...इथेच मी दोनदा लिहिता लिहिता थांबलो होतो. मी म्हणालो, 'खरं सांगू का सर, त्यांना नाही जमणार हे. धडे तेवढे भरून घेऊ, पुढची तुकडी दुसऱ्या कोणाकडून चालवून घेऊ.' काळोखातल्या त्या धड्याचा राग डोक्यात होता, आणि माझी शनिवार-रविवारची दुपार जात होती, तेही होतं. कोणी बळजबरी केली नव्हती. मीच बोललो. चार दिवसांनी सचिवांनी बाईंना कळवलं, की पुढच्या तुकडीपासून तुमचं फक्त मार्गदर्शन, शिकवायचा त्रास नको. मी घरी गेलो तेव्हा बाई टेबलाशी बसल्या होत्या. 'तू काही बोललास का रे वर?' मी माईकची वायर सोडवत होतो. 'नाही बाई.' 'हौदा?' मी वायरीतून मान वर काढली नाही.

पुढे त्यांनी माझ्याकडून चहाचा कप घेण्याआधीही क्षणभर थांबावं, असं झालं. आणि वर्गावरचा संशय तर वाढतच गेला. अडतीस बायकांची नावं होती. प्रत्येक धड्याखाली 'समजले' असं बटण. ते दाबलं की नावापुढे हिरवी खूण उमटायची. पहिल्या धड्यापासून सगळ्या हिरव्या. मला कौतुक, बाईंना धास्ती. 'तीस वर्षांत माझा एकही वर्ग असा गेला नाही, की सगळ्यांना समजलं. कोणी बघतच नाही हे, नुसतं बटण दाबतात.' मग मला न सांगता त्यांनी सातव्या धड्यात एक चूक केली. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी, हे आधी नीट शिकवलं आणि उदाहरणात एक कोन साठचा, दुसरा सत्तरचा घेऊन तिसरा ठामपणे साठ लिहिला. पन्नासच्या जागी साठ. आठ दिवस गेले. अडतीस हिरव्या खुणा आल्या, शंका एकही नाही. तेव्हा बाईंनी मला बोलावून तो धडा दाखवला. चूक मलाही आधी दिसली नव्हती, आणि तो धडा चढवला होता मीच. 'बघितलंस?' त्या म्हणाल्या. जिंकल्याचा आनंद मात्र त्यांच्या तोंडावर नव्हता.

मी ओशाळून नोंदी चाळायला लागलो. कोणी तो धडा मिनिटभर बघितला होता, कोणी उघडलाही नव्हता. एका नावापुढे मात्र चौदा आकडा होता. मंद्रूपच्या शोभाने तो धडा चौदा वेळा, अगदी शेवटपर्यंत लावला होता. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. 'बारा मिनिटांचा धडा चौदा वेळा? लावून ठेवत असेल आणि धुणं धूत असेल.' फोन केला तर तिच्या नवऱ्याने उचलला आणि 'ती रानात गेलीया' म्हणून ठेवून दिला. बाईंना तेही खरं वाटेना. म्हणाल्या, 'जाऊन बघू. तूही चल. नाहीतर नंतर म्हणशील, म्हातारी मनचं सांगते.'

रविवारी सकाळच्या एसटीने विजापूर रोडने मंद्रूपला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. तिशीतली बाई, हाताला कांद्याची माती, बाईंना दारात बघून आधी घाबरली आणि मग धावत आत जाऊन चटई घेऊन आली. बाईंनी पाणीसुद्धा न पिता विचारलं, 'सातवा धडा चौदा वेळा का बघितलास?' शोभाचा चेहरा उतरला. 'जास्त बगितलं म्हनून काय दंड हाय का वो बाई?' बाई म्हणाल्या, 'दंड नाही. का, ते सांग.' तिने एक शंभर पानी वही आणली. पानंच्या पानं तोच त्रिकोण. साठ आणि सत्तर एकशे तीस, वजा करून पन्नास. खाली खोडलेलं. पुन्हा तेच. पुन्हा खोडलेलं.

'माजं पन्नासच येतंय बगा,' ती खाली मान घालून म्हणाली. 'तुमी साठ लिवलंय. बाई चुकत्याल व्हय? म्या म्हनलं, आपलंच कुटं तरी चुकतंय. चौदा डाव बगितलं, तरी गावंना. मग म्हनलं, आपल्याला न्हाय जमायचं हे... आन दाबलं बटन.'

बाईंनी ती वही पानापानाने शेवटपर्यंत उलटली. मग म्हणाल्या, 'तुझं बरोबर आहे. पन्नासच. चूक माझी होती, मी मुद्दाम केली होती.'

'मुद्दाम? का वो बाई?'

तिने रागाने विचारलं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. बाईंनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या खोडलेल्या प्रत्येक पन्नासपुढे बरोबरची खूण करत गेल्या. सगळ्या पानांवर. शोभा हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मग तिने आग्रहाने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. मंद्रूप मागे पडलं. मग बाहेर बघतच म्हणाल्या, 'सदतीस जणींना पकडायला गेले आणि जी एकटी मनापासून करत होती, तिलाच पाडलं मी.' मी काहीतरी समजुतीचं बोललो. तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. 'सलीम, मी तुझ्यावरही संशय घेतला रे. सचिवांना तूच काही सांगितलं असशील, असं मनात धरून बसले महिनाभर. तू नाही म्हणालास, तरी. माफ कर मला.'

तेव्हा सांगायला हवं होतं. गाडीत गर्दी नव्हती, शेजारी कोणी ऐकत नव्हतं, आणि सोलापूर यायला चांगला अर्धा तास होता. मी म्हणालो, 'जाऊ द्या हो बाई.' अगदी मोठ्या मनाने माफ केल्यासारखं म्हणालो. त्यांच्या सगळ्या संशयांत तो एक सोळा आणे खरा होता, आणि तेवढाच त्यांनी मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवा धडा नव्याने भरला. सुरुवातीलाच म्हणाल्या, 'मागच्या वेळी तिसरा कोन मी चुकीचा लिहिला. ज्यांचं पन्नास आलं होतं, त्यांचं बरोबर होतं. माझं उत्तर पटलं नाही तर मला फोन करायचा, माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसायचं नाही.' सचिवांनी ते वाक्य काढायला सांगितलं, बाईंनी काढलं नाही. त्यानंतर त्यांचा माझ्यावरचा जीव वाढला, नवीन धडा भरला की आधी मला दाखवायच्या, आणि मी त्यांच्याकडे जाणं कमी करत गेलो. पुढच्या तुकडीबद्दलचा सचिवांचा निर्णय मात्र तसाच राहिला. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

तेराव्यानंतर शोभाला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मीच तिला बातमी कळवली होती, तेव्हा तिने 'बाईंची शिकवायची खोली बगायची हाय' एवढंच मागितलं. काकांनी दार उघडलं. फळा, खडू, मोबाईलचा रिकामा स्टँड, आणि स्टँडच्या बरोबर मागे एक घडीची खुर्ची. काका म्हणाले, 'मंद्रूपहून आल्यापासून ही तिथे ठेवायची आणि तिच्याकडे बघून शिकवायची. मी चेष्टा करायचो, की खुर्चीला भूमिती कळते का. तर म्हणायची, समोर कोणीतरी बसलंय असं धरलं की लबाडी होत नाही.' शोभा त्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली, बसली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'सर, वर्तुळाचा धडा ऱ्हायलाय की. परीक्षा आलीया.'

मी काकांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. सचिवांकडे काय बोललो ते, 'नाही बाई' म्हणालो ते, एसटीतलं ते 'जाऊ द्या'. काका ऐकून घेत होते. मधे त्यांनी एकदा डोळे मिटले.

'तिला सांगायला पाहिजे होतंस,' ते म्हणाले.

'हो काका.'

'आता मला सांगून काय उपयोग?' मग आतल्या दाराकडे मान वळवली. 'जा, त्या पोरीला धडा सांग. लांबून आलीय ती.'

मी आत गेलो. शोभा खुर्चीत बसली होती, वही उघडून. मी फळ्यावर वर्तुळ काढलं, आणि तिने विचारलं, 'बरोबर काढलंय न्हवं सर?'