पडद्यावरचे चाळीस बॉक्स

आमच्या साहेबांचा संगणकातल्या चाचणीवर काडीचा विश्वास नव्हता. नगरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी. विहिरीवरची मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू-बंद करणारे बॉक्स आम्ही बनवतो. त्यातला प्रोग्राम माझा. सगळे बॉक्स रेडिओवरून गावातल्या एका मुख्य बॉक्सशी बोलतात, एवढंच त्यातलं तंत्र. बेलापूरकडच्या एका शिवारात चाळीस बसवायचे ठरले, आणि त्या चाळीस शेतकऱ्यांत माझे वडील होते. रात्रपाळीची लाईट असली की ते बॅटरी घेऊन उसातून विहिरीवर जात, आणि त्या उसात बिबट्या होता.

साहेबांनी आधी तीनच बॉक्स बनवून शेतात बसवले, त्यातला एक वडिलांच्या विहिरीवर. एकदाही चुकले नाहीत. वडील फोनवर म्हणाले, "पोरी, लई ब्येस हाय. बटन दाबलं का मोटार चालू." साहेबांनी उरलेले बनवायला सांगून टाकलं.

मी तोवर लॅपटॉपवर चाळीसच्या चाळीस बॉक्सचं नेटवर्क उभं केलं होतं. तेही नीट चालत होतं. मग मी त्यातली लाईट घालवली आणि परत आणली. आमच्याकडे लाईट आली की ऑटोवर ठेवलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, उडतो, हे लहानपणापासून पाहत आलेय. पडद्यावर तसंच झालं. चाळीस बॉक्स एकाच क्षणी "मी आलो" म्हणून ओरडले. मुख्य बॉक्सला कुणाचंच धड ऐकू गेलं नाही. उत्तर येईना म्हणून सगळे पुन्हा एकदम ओरडले, आणि हे चालूच राहिलं. मोबाईलवरून एकही मोटार सुरू होईना.

साहेबांना दाखवलं, तर हसले. "हा व्हिडिओ गेम झाला. शेतात तीन चालतात ना? शितावरून भाताची परीक्षा होते."

"भाताची होते, साहेब. शितं एकमेकांवर ओरडत नाहीत."

"म्हणजे खऱ्या बॉक्सपेक्षा तुला हे खोटं नेटवर्क खरं वाटतं?"

माझं डोकंच सणकलं. "खरे तीनच आहेत. उरलेले सदतीस तुम्ही मनात धरलेत, मी संगणकात धरले. खोटे दोन्हीकडचे, पण माझे निदान बघता तरी येतात!"

चाचणी झाली असं मी म्हणणार नाही, मला कामावरून काढायचं तर काढून टाका, असंही सांगितलं. घरी जाताना भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण शब्द परत घेतला नाही. शेतातल्या चाचणीशी माझं वैर नाही. उसाच्या पाल्यात रेडिओ किती मरतो हे लॅपटॉप सांगत नाही, तिथं चिखलात उतरावंच लागतं. पण चिखल लागला म्हणजेच काम खरं, हे मी मान्य करणार नव्हते.

दोन दिवसांनी साहेब तुटकपणे म्हणाले, "कर काय करायचं ते." लाईट आल्यावर प्रत्येक बॉक्स वेगवेगळा वेळ थांबून बोलेल, असा बदल मी केला. चाळीस बॉक्स बसले. लाईट गेली, आली, आणि सगळ्यांनी उत्तर दिलं. वडिलांनी मोटार अंथरुणातूनच सुरू केली.

दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बघ, उगाच घाबरवलंस. काहीसुद्धा झालं नाही!"

काही होऊ नये म्हणूनच मी नोकरी पणाला लावली होती, हे त्यांना समजावत बसले नाही. लॅपटॉप उचलला, त्यांच्या केबिनमध्ये समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि पुढच्या कामाचं खोटं नेटवर्क उभं करायला घेतलं.